आफ्रिकेतला नवरंग आणि ओल्या पाचोळ्याचं गणित

नवरंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आफ्रिकी पिट्टाची ओळख करून द्यायला फार वेळ लागत नाही. तीच ठेंगणी, गुबगुबीत अंगलट, तीच नावापुरती शेपटी, तेच लांब पाय आणि पाचोळ्यात चार उड्या मारून एकदम गप्प उभं राहण्याची तीच सवय. दोघं एकाच कुळातले. पिट्टा कुळात जगभर चाळीसहून जास्त जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या भागात राहतात. आफ्रिकेच्या एवढ्या मोठ्या खंडाच्या वाट्याला त्यातल्या फक्त दोन आल्या. त्यातल्या एकीला फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ व्हिएयो यांनी १८१६ साली शास्त्रीय नाव दिलं. तिलाच या लेखात मी आफ्रिकी नवरंग म्हणणार आहे.

म्हणजे शास्त्राला हा पक्षी दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही आफ्रिकेत वर्षानुवर्षं पक्षी बघत हिंडलेल्या कित्येकांना तो एकदाही दिसलेला नसतो. इतका रंगीत पक्षी दिसत का नाही, वर्षातले काही आठवडे सोडले तर त्याचा आवाज का ऐकू येत नाही, आणि जमिनीवर उड्या मारत जगणारा हा पक्षी रात्री आकाशात शेकडो किलोमीटर का जातो, असे तीन प्रश्न त्याच्याबद्दल हमखास पडतात. प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची मुळं एकाच जागी आहेत, ओल्या पाचोळ्यात.

आधी त्याचं रूप नीट बघून घेऊ. लांबी साधारण २० सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीहून थोडी कमी. डोकं काळं, आणि त्यावर चोचीपासून मानेपर्यंत गेलेली पिवळसर बदामी रंगाची रुंद भुवई. गळा पांढरट, त्यावर पुसटशी गुलाबी झाक. छाती हळदी-बदामी. पाठ गर्द हिरवी. पंखांवर आणि शेपटीच्या वर चमकदार आकाशी निळे ठिपके. पोटापासून शेपटीच्या खालपर्यंत मात्र भडक लाल. आपल्या नवरंगाचा लाल रंग बुडाशी थोडासाच असतो. आफ्रिकेतल्या भावंडाला तो सढळ हाताने मिळाला आहे. उडताना काळ्या पंखांवर पांढरा डाग लख्ख दिसतो आणि पक्षी बसला की तो डाग नाहीसा होतो.

इतके रंग अंगावर घेऊन हा पक्षी लपतो कसा? त्याचं उत्तर थोडं प्रकाशात आहे आणि थोडं त्याच्या वागण्यात. घनदाट झाडीच्या तळाशी पोचणारा उजेड वरच्या पानांतून गाळून आलेला असतो. पानं लाल आणि निळा प्रकाश स्वतःकडे ठेवून घेतात आणि हिरवट उजेड तेवढा खाली सोडतात. लाल वस्तू लाल दिसायची तर तिच्यावर लाल प्रकाश पडावा लागतो. तो कमी पडला की भडक लाल पोटसुद्धा गडद, काळपट भासतं. शिवाय ते पोट जमिनीकडे असतं. वरून बघणाऱ्या शिकारी पक्ष्याला दिसते ती हिरवी पाठ, आणि आजूबाजूला उन्हाचे कवडसे आणि सावल्या विखुरलेल्या असतात. त्यात काळी पट्टी, बदामी पट्टी, निळा ठिपका असे तुकडे पडल्यामुळे अख्ख्या पक्ष्याचा आकार डोळ्याला जुळवता येत नाही.

निळ्या रंगाची गोष्ट आणखी वेगळी आहे. पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य जवळपास नसतंच. पिसाच्या आतली रचना इतकी सूक्ष्म असते की तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातल्या निळ्या लहरी उलटून बाहेर येतात आणि बाकीच्या आत विरतात. साबणाच्या फुग्यात कुणी रंग मिसळलेला नसतो, तरी तो रंगीत दिसतो. इथेही रंग घडवते ती रचनाच. याचा या पक्ष्याला मोठा फायदा होतो. तो सावलीत स्थिर असेल तर ठिपके मंद असतात. कवडशात येऊन त्याने पंख जरा हलवले की तेच ठिपके चमकून उठतात. जोडीदाराला खूण करायची असेल तेव्हा चमकायचं आणि एरवी विझलेलं राहायचं, ही सोय त्याच्या पिसांतच आहे.

आणि वागणं म्हणाल तर त्याच्या स्थिर राहण्याला तोड नाही. जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीवर तो मिनिटंच्या मिनिटं हलत नाही. डोकं किंचित वाकडं करून पाचोळ्याकडे बघत राहतो. मग दोन-तीन झपाझप उड्या, चोचीने पान बाजूला फेकणं, खाली सापडलेली अळी किंवा गोगलगाय गिळणं, आणि पुन्हा पुतळा. माणसाची चाहूल लागली तर बहुधा तो उडत नाही. उड्या मारत झुडपाच्या आत शिरतो. जंगलात आपली नजर हालचालीवर जाते, आणि हा पक्षी हालचालीच्या बाबतीत फार कंजूष आहे.

त्याचं खाणं म्हणजे गांडुळं, गोगलगायी, अळ्या, भुंगेरे, वाळवी, मुंग्या आणि असेच पाचोळ्यातले जीव. यातले बरेचसे जीव ओलाव्यावर जगतात. जमीन सुकली की गांडूळ खोल जातं आणि गोगलगाय शंखाचं तोंड बंद करून पडून राहते. पाचोळा कडकडीत वाळला तर त्यात चोच घालून फारसं काही हाती लागत नाही, वर प्रत्येक उडीचा चुरचुर आवाज होतो तो वेगळाच. त्यामुळे या पक्ष्याला तीन गोष्टी एकाच जागी लागतात: वर दाट सावली, खाली मऊ ओला पाचोळा आणि तो उकरायला मोकळी जागा. दाट गवत त्याच्या उपयोगाचं नाही, कारण त्यात उड्या मारता येत नाहीत.

आता ओलावा आफ्रिकेत कुठे आणि कधी असतो, ते समजून घ्यावं लागेल. यासाठी आपल्या पावसापासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीला वेढा घालणारा ढगांचा आणि पावसाचा एक पट्टा आहे. सूर्याची उष्णता जिथे जास्त, तिथे हवा तापून वर चढते, दोन्ही बाजूंनी वारे त्या जागी धावतात आणि पाऊस पडतो. सूर्य उत्तरेकडे सरकला की पट्टाही थोडा मागे राहून उत्तरेला सरकतो. जून-जुलैमध्ये तो भारतावर असतो आणि आपण त्याला मोसमी पाऊस म्हणतो. सूर्य दक्षिणेकडे वळला की पट्टाही परततो, विषुववृत्त ओलांडतो आणि डिसेंबर-जानेवारीत दक्षिण गोलार्धातल्या आफ्रिकेवर, म्हणजे झांबिया, मलावी, झिंबाब्वे, मोझांबिक या देशांवर येऊन ठेपतो. आपल्याकडे थंडीचे कोरडे दिवस असतात तेव्हा तिथे ऐन पावसाळा असतो.

आपला नवरंग श्रीलंकेतून आणि दक्षिण भारतातून निघून मेअखेर-जूनच्या सुमाराला, मृग नक्षत्राच्या आगेमागे, कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याला आणि विदर्भाच्या जंगलांत पोचतो. पाऊस लागतो, पाचोळा भिजतो आणि त्याचा घरट्याचा हंगाम सुरू होतो. आफ्रिकी नवरंग हेच वेळापत्रक पाळतो, फक्त उलट्या दिशेने आणि पाच-सहा महिन्यांच्या फरकाने. पावसाचा तोच पट्टा दक्षिणेला उतरतो आणि हा पक्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्यासोबत दक्षिणेला येतो. आपल्या अंगणातल्या पक्ष्याचं आणि झांबेझीकाठच्या पक्ष्याचं वर्ष एकाच आभाळी यंत्रणेवर चालतं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अजूनही होतो.

झांबेझी नदीचं खोरं ऑक्टोबरमध्ये कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. पारा चाळिशीला टेकलेला. नदीपासून दूर असलेल्या काटेरी झाडीला पान नाही. झाडांखाली वाळलेल्या पानांचा थर आहे, पण तो पायाखाली नुसता करकरतो. ही झाडी म्हणजे उंचच उंच सदाहरित जंगल नव्हे. आपल्या करवंदीच्या आणि बोरीच्या जाळ्यांसारखी गुंतागुंत, त्यातून मधेमधे वर आलेली उंच झाडं, कुठे वाळवीच्या जुन्या वारुळावर माजलेलं दाट काटवन. माणसाला आत शिरायचं तर वाकून, अंग चोरून, कपडे फाडून घेत शिरावं लागतं.

मग नोव्हेंबरात पहिले जोरदार पाऊस होतात. काही दिवसांत काटवन हिरवं होतं. पंख फुटलेली वाळवी जमिनीतून थव्याने बाहेर पडते, गोगलगायी फिरू लागतात, गांडुळं वर येतात. आणि ज्या काटवनात आदल्या आठवड्यात काहीच नव्हतं, तिथून पहाटे एक आवाज येऊ लागतो: बेडकाच्या जवळ जाणारा, तुटक, ओलसर ‘प्रर्रिप’. मध्ये बरेच सेकंद जातात. पुन्हा ‘प्रर्रिप’.

हा नर. एरवी जमिनीवर वावरणारा पक्षी या दिवसांत जमीन सोडून काही मीटर उंचीवरच्या आडव्या फांदीवर येतो. आवाज करतानाच तो फांदीवरून हातभर सरळ वर उसळतो, पंखांचा फडफडाट होतो, आणि तो बरोबर त्याच जागी पुन्हा उतरतो. बसल्यावर छाती फुगवतो, म्हणजे एरवी खाली दडलेलं लाल पोट समोरून दिसू लागतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पहाटे आणि संध्याकाळी हे जास्त चालतं, ढगाळ हवेत दिवसाही. सावलीत दडवलेले सगळे रंग उघडे करण्याचे त्याचे हे थोडेच दिवस. जगभरचे पक्षीनिरीक्षक नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात मोझांबिकमध्ये झांबेझीच्या मुखाजवळच्या जंगलांत आणि झिंबाब्वेतल्या झांबेझी खोऱ्यात जातात, ते याच्यासाठी. जोड्या जमल्या, घरटी सुरू झाली की आवाज विरत जातो आणि पक्षी पुन्हा दिसेनासा होतो.

या आवाजात सुरावट का नाही, हेही सांगण्यासारखं आहे. दयाळ, बुलबुल, शिंपी वगैरे आपले बहुतेक गाणारे पक्षी ज्या मोठ्या गटात येतात, त्यांच्या कंठाची रचना गुंतागुंतीची असते आणि पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. पिट्टा त्या गटाच्या बाहेरचे. त्यांचा कंठ साधा असतो आणि या शाखेतल्या बहुतेक पक्ष्यांना आपापली हाक शिकावी लागत नाही, ती जन्मजात येते. आपला नवरंगही म्हणूनच एकच दोन सुरांची शीळ घालत राहतो. गाण्याची कसर आफ्रिकी नवरंग त्या उडीने आणि पोटाच्या रंगाने भरून काढतो.

घरटं मात्र तो जमिनीवर करत नाही. काटेरी झाडात दोन मीटरपासून पुढे उंचीवर काटक्यांचा आणि पानांचा ओबडधोबड घुमट, बाजूने आत जायला वाट. लांबून पाहिलं तर पुराच्या पाण्याने किंवा वाऱ्याने अडकवलेला कचरा वाटावा. अंडी बहुधा दोन ते चार. पिल्लांना मऊ खाणं लागतं, आणि तेही भराभरा. म्हणून पावसाच्या पहिल्या जोरातच विणीला सुरुवात करावी लागते. उशीर झाला तर पिल्लं मोठी व्हायच्या आत पाचोळा सुकायला लागेल. दक्षिणेतला पावसाळा मार्चच्या सुमारास ओसरतो आणि एप्रिलपर्यंत काटवनं रिकामी होतात.

तिथून पुढे हा पक्षी उत्तरेला, विषुववृत्ताच्या जवळ जातो. काही काँगोच्या खोऱ्यातल्या जंगलांकडे, जिथे वर्षाचा बराच काळ पाऊस असतो. काही हिंदी महासागराच्या कडेने केनियाच्या किनाऱ्यापर्यंत. या किनाऱ्यावर पावसाचे दोन हंगाम असतात. मोठा पाऊस, ज्याला स्वाहिलीत मसिका म्हणतात, साधारण एप्रिल ते जून. छोटा पाऊस, वुली, वर्षाच्या शेवटी. आफ्रिकी नवरंग तिथे येतो तो मसिकाच्या सुमाराला, आणि पाचोळ्यात ओल आहे तोवर राहतो. दक्षिणेतला ओलावा संपतो तेव्हा किनाऱ्यावरचा सुरू होतो, आणि पक्षी एका ओल्या जमिनीवरून दुसऱ्या ओल्या जमिनीवर येतो. मोझांबिकमधल्या झांबेझीकाठापासून केनियाच्या मालिंदीपर्यंत सरळ रेषेत अंतर सतराशे किलोमीटरच्या घरात भरतं.

मालिंदीजवळ त्याच्या दोन हक्काच्या जागा आहेत. एक अराबुको-सोकोके, साधारण ४२० चौरस किलोमीटरचं जंगल. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एकेकाळी लांबवर पसरलेल्या जंगलाचा हा उरलेला सर्वात मोठा तुकडा. इथल्या पाचोळ्यावर आणखीही काही जीव जगतात. त्यातला सोनेरी बुडाचा सेंगी तर फार देखणा. लांब सोंडेसारखं नाक असलेला हा सस्तन प्राणी पाचोळा उकरत हिंडतो, आणि केनियाच्या या किनारी जंगलांबाहेर तो जगात कुठेच नाही. दुसरी जागा म्हणजे गेदी. हे पोवळ्याच्या दगडांत बांधलेलं जुनं स्वाहिली शहर. मशीद, वाडा, विहिरी, थडगी. १७व्या शतकात ते ओस पडलं, आणि मग भिंतींमधून झाडं वाढत गेली. २०२४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. लोक तिथे अवशेष बघायला जातात आणि पायवाटेच्या कडेला, पडक्या भिंतीखालच्या पाचोळ्यात हा पक्षी गुपचूप चरत असतो. नैरोबीत आणि मोंबासात राहणारी मराठी मंडळी वाटामूच्या किनाऱ्यावर सुट्टीला जातात. मे ते सप्टेंबरच्या दरम्यान गेलात तर सकाळी लवकर गेदीला जा, आणि चालण्यापेक्षा उभं राहण्यात जास्त वेळ घाला.

हा पक्षी स्थलांतर करतो, हे मुळात कळलं कसं? कळायला बराच काळ लागला, कारण त्याला प्रवासात कुणी पाहिलेलं नव्हतं. इथे कामी आल्या त्या संग्रहालयातल्या चिठ्ठ्या. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जमवलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते: कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कधीकधी अंडाशयाची किंवा वृषणाची स्थितीही. एकटी चिठ्ठी काही सांगत नाही. पण अनेक चिठ्ठ्या महिन्यांप्रमाणे लावून नकाशावर ठेवल्या की चित्र उमटतं: नोव्हेंबर ते मार्चच्या खुणा दक्षिणेला, मे ते सप्टेंबरच्या उत्तरेला, मधल्या महिन्यांतल्या मधे. बेन्सन आणि अर्विन या पक्षीतज्ज्ञांनी १९६४ साली पूर्व आफ्रिकेतल्या पिट्टाच्या स्थलांतराची अशी एकत्र मांडणी केली. कपाटात पडून राहिलेल्या मेलेल्या पक्ष्यांतून जिवंत पक्ष्याचा रस्ता काढणं हे काम मला विलक्षण वाटतं.

दुसरा पुरावा जास्त दुःखद होता. स्थलांतराच्या दिवसांत, विशेषतः धुक्याच्या आणि ढगाळ रात्री, डोंगरावरच्या घरांच्या आणि विश्रामगृहांच्या दिवे लावलेल्या खिडक्यांवर हे पक्षी येऊन आदळत. जिथे पिट्टा राहतच नाही अशा जागी सकाळी तो काचेखाली पडलेला सापडे. त्यातून दोन गोष्टी कळल्या: तो रात्री उडतो, आणि उंच पठारं ओलांडून जातो.

रात्र का, तर कारणं सरळ आहेत. रात्री हवा थंड असते, त्यामुळे पंख मारताना अंग तापत नाही आणि पाणी कमी जातं. हवा शांत असते. ससाणे झोपलेले असतात. आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. रात्री उडणारे लहान पक्षी दिशेसाठी तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वापरतात, हे प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. मात्र ढग खाली आले, तारे गेले आणि समोर एकच झगझगीत दिवा असला, की ते त्या उजेडात सापडतात आणि त्यातून बाहेर पडता येत नाही. आपल्या नवरंगाचंही हेच होतं. मे-जूनमध्ये आणि पावसाळा संपताना मुंबई, पुणे, चेन्नईत इमारतींच्या बाल्कनीत, जिन्यात दमून बसलेला नवरंग सापडल्याच्या बातम्या येतात. असा पक्षी सापडला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. हवा जायला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाला किंवा जवळच्या पक्षीमित्रांना कळवा. मांजर आणि कावळे यांच्यापासून त्याला तेवढा वेळ वाचवणं हेच बरेचदा पुरेसं असतं.

निघायची वेळ झाली हे त्याला कसं कळतं? काँगोच्या जंगलात बसलेल्या पक्ष्याला झांबेझीवर ढग जमले आहेत हे दिसत नाही. युरोपात थंडी काढून परतणाऱ्या पक्ष्यांना दिवसाची लांबी खूण देते, पण विषुववृत्तावर दिवस वर्षभर जवळपास सारखाच. इथे उपयोगी पडतं ते शरीरातलं वार्षिक घड्याळ. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांनी आफ्रिकी गप्पीदास पक्ष्यांना वर्षानुवर्षं एकसारख्या उजेडात आणि एकसारख्या तापमानात ठेवलं. बाहेरची कसलीही खूण नसताना त्यांची पिसं झडणं आणि विणीची तयारी साधारण वर्षभराच्या चक्राने होत राहिली. उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांच्या अंगात ऋतूंचा हिशेब असतो, हे त्या प्रयोगाने दाखवलं. पिट्टावर असा प्रयोग झालेला नाही, पण ढग दिसायच्या आधीच त्यांची पावलं दक्षिणेला वळतात त्यामागे असंच घड्याळ असणार, असं मानायला चांगला आधार आहे.

सगळेच आफ्रिकी नवरंग हा प्रवास करतात असं मात्र नाही. सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या पश्चिम आफ्रिकेत एक उपजाती आहे आणि तिथून अंगोलाच्या बाजूला दुसरी; त्यांच्या जंगलांत ओलावा बराच काळ टिकतो, त्यामुळे त्यांचं फिरणं मर्यादित. लांबचा प्रवास करते ती पूर्वेकडची तिसरी उपजाती. तिच्या अंगावरच याचा पुरावा आहे: तिचे पंख घरी राहणाऱ्या भाऊबंदांपेक्षा लांब आणि टोकदार असतात. दाट काटवनात वळणं घेत उडायला आखूड, गोल पंख बरे. दूर जायला लांब, टोकदार पंख कमी कष्टाचे. दिवसा काटवनात राहून रात्री पठार ओलांडणाऱ्या पक्ष्याला दोन्ही लागतं, आणि त्याच्या पंखांची लांबी ही या दोन गरजांमधली तडजोड आहे. आफ्रिकेतली दुसरी जात, हिरव्या छातीचा पिट्टा, तर काँगोच्या खोऱ्यापासून युगांडापर्यंतच्या सदाहरित जंगलांतच राहते. युगांडाच्या किबाले जंगलात पहाटेच्या अंधारात तिची हाक ऐकायला लोक कंदील घेऊन निघतात. तिथे जमीन सुकत नाही, त्यामुळे तिला कुठे जावंही लागत नाही.

निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आफ्रिकी नवरंग अजून धोक्यात आलेला पक्षी म्हणून गणला जात नाही, कारण त्याचा पसारा मोठा आहे. पण पसारा मोठा असणं आणि राहायला जागा असणं यांत फरक आहे. पश्चिम आफ्रिकेत कोकोच्या लागवडीसाठी आणि लाकडासाठी जंगलं मोठ्या प्रमाणात गेली. पूर्वेला प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे. तिथे हा पक्षी घरटं करतो ती काटवनं कुणाला जंगल वाटत नाहीत. झांबेझीच्या खोऱ्यात जमीन मोकळी करायची ती कोरड्या दिवसांत, आणि कोरड्या दिवसांत ही झाडी म्हणजे निष्पर्ण काटक्यांचा गुंता. तिथे पक्षी नसतो, हाक नसते, हिरवं पान नसतं. शेतासाठी तोडायला आणि कोळसा पाडायला ती सगळ्यात सोयीची. ज्याला तिथे रात्रंदिवस राबून पोट भरायचं आहे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सरपण आणि जमीन दोन्ही हवं आहे. पण पाहणी करणारा अधिकारी सप्टेंबरात येतो आणि पक्षी नोव्हेंबरात, हे जोवर बदलत नाही तोवर कागदावर त्या काटवनाची किंमत शून्यच राहणार.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. पूर्व विदर्भात महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ नावाने नोंदलेल्या जमिनी आहेत. ते जंगल की पडीक जमीन, यावर अनेक दशकं वाद चालला आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वनजमीनच मानावं असा निर्णय दिला. झांबेझीच्या खोऱ्यातली काही काटवनं राष्ट्रीय उद्यानांत आणि शिकारीसाठी राखलेल्या क्षेत्रांत असल्यामुळे उभी आहेत. बाकीची गावांच्या, शेतांच्या आणि रस्त्यांच्या मधे तुकड्यातुकड्यांनी उरली आहेत. केनियाच्या टोकाला अराबुको-सोकोके राखलेलं आहे, पण तिथे येणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं तिथे जन्मत नाहीत. ती दक्षिणेत जन्मतात, एखाद्या वारुळावरच्या काटेरी जाळीत, पावसाच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत. ती जाळी कुणाच्या नकाशावर आहे का, हे विचारायला झिंबाब्वे आणि मोझांबिकमधले स्थानिक पक्षीनिरीक्षक हल्ली डिसेंबरात त्यांच्या हाका नोंदवून ठेवतात. पावसाळी चिखलात, डासांत, काट्यांत उभं राहून प्रत्येक ‘प्रर्रिप’च्या पुढे जागा आणि तारीख लिहायची, एवढंच ते काम आहे.